सीपी/एम युटिलिटीचे कॉन्फिगरेशन बाइट बदलल्यावर प्रत्येक नावाआधी आवृत्तीची ओळ उमटते: चूक कुठे आहे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे झेड-८० प्रोसेसरचा एक बोर्ड आहे. त्यावर सीपी/एम २.२ ही जुनी कार्यप्रणाली चालते आणि पडदा म्हणून मी दुसऱ्या संगणकावरचा, व्हीटी-१०० चे संकेत पाळणारा टर्मिनल एम्युलेटर सिरियल केबलने जोडून वापरते. जुन्या डिस्कच्या संग्रहातून मला एक छोटी युटिलिटी मिळाली आहे. ती डिस्कवरील फाइलींची नावे पडद्यावर मांडते, आणि कर्सर एकेका नावावर नेऊन ती फाइल पाहता, नक्कल करता किंवा पुसता येते. या प्रोग्रामचा सोर्स उपलब्ध नाही आणि माहितीची फाइलही अर्धीच शिल्लक आहे, पण त्या अर्ध्या भागात सुरुवातीच्या कॉन्फिगरेशन बाइटांचा नकाशा सुदैवाने पूर्ण आहे. प्रोग्राम मुळात एडीएम-३ए टर्मिनलसाठी बसवलेला आहे.

मूळ स्थितीत डीडीटीमधून (सीपी/एमबरोबर येणारा, स्मृतीतील बाइट पाहण्याचा व बदलण्याचा प्रोग्राम) पाहिलेल्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत. (या धाग्यात पत्ते आणि बाइट हेक्समध्येच, म्हणजे सोळाच्या पायात, लिहिते. जिथे दशमान संख्या असेल तिथे तसे सांगेन.)

०१००  सी३ ८० ०१ १८ ५० ०१ १ए ०० ०० ०० ०० ०२ १बी ३डी ०० २०
०११०  २० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ००

नकाशाप्रमाणे ०१०३ वर पडद्याच्या ओळी आणि ०१०४ वर रकाने आहेत. ०१०५ पासून पडदा पुसण्याचा संकेत आहे, ०१०बी पासून कर्सर हलवण्याच्या संकेताची सुरुवात आहे, आणि ०१०एफ व ०११० वर ओळीत व रकान्यात मिळवायची संख्या आहे. ०१११ वर आधी ओळ की आधी रकाना हे ठरते. ०११२ पासून प्रोग्राम सुरू होताना पाठवायचा संकेत आणि ०११८ पासून बाहेर पडताना पाठवायचा संकेत आहे. ०१२० ते ०१४एफ या जागेत आवृत्तीची ओळ मजकूर म्हणून ठेवलेली दिसते, आणि ०१५० ते ०१७एफ सगळे शून्य आहे.

काहीही न बदलता प्रोग्राम चालवला तेव्हा पडदा पुसला गेला नाही, आणि फाइलींची नावे एकाखाली एक न येता एकाच ओळीत पुढे पुढे उमटत गेली. पहिल्या नावाआधी टक्क्याचे चिन्ह आणि तारका, दुसऱ्याआधी अँपरसँड आणि तारका, तिसऱ्याआधी एकेरी अवतरणचिन्ह आणि तारका, चौथ्याआधी उघडता कंस आणि तारका अशी चिन्हांची जोडी प्रत्येक वेळी दिसली. म्हणून मी व्हीटी-१०० चा पडदा पुसण्याचा संकेत, म्हणजे १बी ५बी ४८ १बी ५बी ४ए हे सहा बाइट, ०१०५ वर लांबी ०६ देऊन त्यापुढे लिहिले. आता पडदा व्यवस्थित पुसला जातो, पण प्रत्येक नावाआधी काही मोकळी जागा, मग संपूर्ण आवृत्तीची ओळ, तिच्या शेवटी एक डॉलरचे चिन्ह आणि त्यानंतर पूर्वीचीच चिन्हांची जोडी, असे सगळे उमटते. कर्सरला मी हातही लावला नव्हता. शिवाय प्रोग्राममधून बाहेर पडल्यावर कळफलकावरच्या अंकांच्या वेगळ्या संचातील १ दाबला की पडद्यावर रोमन ओ आणि क्यू ही अक्षरे येतात, त्यामुळे कळफलक बिघडला की काय अशी शंका आली. चूक नेमकी कुठे झाली आणि हा प्रोग्राम या टर्मिनलवर नीट चालवता येईल का, हे कोणी समजावून सांगेल का?

पहिले उत्तर

आपण डॉलरच्या चिन्हाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण त्यावरून चूक लगेच सापडते. सीपी/एममध्ये मजकूर छापण्याचे नेहमीचे काम बीडॉसचे (सीपी/एमचा प्रोग्रामांना सेवा पुरवणारा गाभा) ९ क्रमांकाचे फंक्शन करते, आणि ते डॉलरचे चिन्ह लागले की थांबते. ते चिन्ह कधीच छापले जात नाही. आपल्या पडद्यावर ते छापले गेले, याचा अर्थ आवृत्तीची ती ओळ मजकूर म्हणून छापलीच जात नव्हती. जो भाग केवळ बाइट मोजून पाठवतो, त्या भागाच्या तावडीत ती सापडली होती. आता तो भाग इतके बाइट का मोजू लागला, ते पाहू.

०१०५ हा लांबीचा बाइट आहे आणि त्यापुढे ०१०६ ते ०१०ए अशी पाचच घरे आहेत. आपण सहा बाइट लिहिलेत, तेव्हा सहावा बाइट, म्हणजे ४ए, ०१०बी वर जाऊन पडला. पडदा पुसण्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडले नाही, कारण लांबी ०६ असल्याने प्रोग्राम ०१०६ ते ०१०बी हे सहाही बाइट इमानाने पाठवतो. म्हणूनच पडदा पुसला जातो आणि आपण केलेला बदल बरोबर आहे असे वाटते. परंतु ०१०बी हा कर्सरच्या संकेताचा लांबीचा बाइट होता. तिथे ०२ होते, आता ४ए झाले, म्हणजे दशमान ७४. त्यामुळे कर्सर हलवायची वेळ आली की प्रोग्राम ०१०सी पासून ०१५५ पर्यंतचे ७४ बाइट टर्मिनलकडे पाठवतो, आणि त्या वाटेवरच आपली आवृत्तीची ओळ बसली आहे. आधीची मोकळी जागा म्हणजे ०१०एफ आणि ०११० वरचे दोन २०, कारण २० हा स्पेसचाच संकेत आहे. बाकीचे शून्य बाइट टर्मिनल गिळून टाकतो.

आता चिन्हांच्या जोड्या. टक्का म्हणजे २५, अँपरसँड २६, एकेरी अवतरण २७, उघडता कंस २८ आणि तारका म्हणजे २ए. प्रत्येकातून २० वजा करा, म्हणजे ५, ६, ७, ८ या ओळी आणि दशमान १० हा रकाना मिळतो. म्हणजे प्रोग्राम अगदी योग्य काम करत होता. तो पाचव्या ओळीच्या दहाव्या रकान्यात (दोन्ही शून्यापासून मोजून) कर्सर न्यायला सांगत होता, पण एडीएम-३ए च्या भाषेत. १९७६ मध्ये आलेल्या त्या टर्मिनलला एस्केप, बरोबरचे चिन्ह, मग ओळ अधिक २० आणि रकाना अधिक २० असे चार बाइट दिले की कर्सर तिथे जातो. २० मिळवण्याचे कारण असे की त्याखालचे सगळे संकेत नियंत्रणाचे आहेत, आणि क्रमांक तसेच पाठवले तर दहावा रकाना सांगताना ०ए, म्हणजे नवी ओळ, पाठवली जाईल.

व्हीटी-१०० ला मात्र एस्केप आणि बरोबरचे चिन्ह यांचा अर्थ वेगळाच कळतो. अंकांच्या वेगळ्या संचाने अंक न पाठवता एस्केपपासून सुरू होणारे खास संकेत पाठवावेत, अशी ती आज्ञा आहे. म्हणून तो पहिले दोन बाइट आज्ञा समजून पाळतो आणि उरलेले दोन पडद्यावर छापतो. आपला कळफलक ठणठणीत आहे. १ दाबल्यावर दिसणारे ओ आणि क्यू हा त्याच आज्ञेचा परिणाम आहे. एस्केप आणि मोठेपणाचे चिन्ह, म्हणजे १बी ३ई, हे दोन बाइट टर्मिनलला पाठवले की अंक पूर्ववत होतील.

माझी आग्रहाची विनंती अशी की कोणताही बाइट बदलण्याआधी तो बाइट प्रोग्रामचा कोणता भाग वाचतो आणि वाचून त्याचे काय करतो, हे आधी शोधावे. नकाशात पत्ता कुठे सुरू होतो एवढेच लिहिलेले असते. घर कुठे संपते हे पुढच्या पत्त्यावरून आपल्यालाच काढावे लागते. या प्रोग्रामात ०१०५ चा वापर शोधायचा असेल तर २१ ०५ ०१ ही तीन बाइटांची जोडणी पाहावी. २१ म्हणजे एचएल या रजिस्टर-जोडीत (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधील छोटा कप्पा) पत्ता भरण्याची सूचना, आणि ८०८० प्रोसेसरच्या रीतीप्रमाणे पत्त्याचा खालचा बाइट आधी येतो. डीडीटीत शोधण्याची आज्ञा नाही, त्यामुळे बाइट दाखवणारी डी ही आज्ञा देऊन पानामागून पान डोळ्यांखालून घालावे लागते, पण एवढ्या लहान प्रोग्रामासाठी ते सहज जमते.

दुसरे उत्तर

वरील निदान अचूक आहे. उपायाबद्दल लिहितो, कारण इथे एक फार सुंदर वाट आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

व्हीटी-१०० चा स्वतःचा कर्सर-संकेत बाइट बदलून या प्रोग्रामात बसवता येणार नाही. व्हीटी-१०० ला ओळ आणि रकाना दशमान अंकांच्या रूपात हवे असतात: एस्केप, चौकटी कंस, ओळीचे अंक, अर्धविराम, रकान्याचे अंक आणि शेवटी मोठा एच. आपला प्रोग्राम मात्र ओळीसाठी एक आणि रकान्यासाठी एक असे दोनच बाइट, तेही काहीतरी मिळवून, पाठवू शकतो. सुरुवातीचे बाइट कसेही बदलले तरी त्यातून दशमान अंक तयार होणार नाहीत.

पण १९७८ मध्ये व्हीटी-१०० आला तेव्हा त्याच्या आधीच्या व्हीटी-५२ साठी लिहिलेले प्रोग्राम चालत राहावेत म्हणून त्यात व्हीटी-५२ ची अवस्थाही ठेवली होती. व्हीटी-५२ चा कर्सर-संकेत असा आहे: एस्केप, मोठा वाय, ओळ अधिक २०, रकाना अधिक २०. म्हणजे एडीएम-३ए शी तंतोतंत जुळणारी रचना, फक्त बरोबरच्या चिन्हाऐवजी वाय! टर्मिनलला आधी त्या अवस्थेत नेले तर कर्सरच्या बाबतीत ३डी च्या जागी ५९ हा एकच बाइट बदलावा लागतो, आणि मिळवायची संख्या व आधी-ओळ-मग-रकाना हा क्रम जसाच्या तसा राहतो.

अवस्था बदलण्याचा संकेत एस्केप, चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, २ आणि लहान एल असा पाच बाइटांचा आहे. आपल्या नकाशात ०११२ वर लांबी आणि त्यापुढे ०११७ पर्यंत नेमकी पाच घरे आहेत, तेव्हा तो काठोकाठ बसतो. परत व्हीटी-१०० च्या अवस्थेत येण्यासाठी एस्केप आणि लहानपणाचे चिन्ह असे दोनच बाइट लागतात, ते ०११८ पासून ठेवावेत. पडदा पुसण्यासाठी व्हीटी-५२ मध्ये एस्केप एच ने कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यायचा आणि एस्केप जे ने तिथून पुढचे सगळे पुसायचे. हे चार बाइट झाले आणि घरे पाच आहेत. सगळे बदल झाल्यावर पहिल्या दोन ओळी अशा दिसाव्यात:

०१००  सी३ ८० ०१ १८ ५० ०४ १बी ४८ १बी ४ए ०० ०२ १बी ५९ ०० २०
०११०  २० ०० ०५ १बी ५बी ३एफ ३२ ६सी ०२ १बी ३सी ०० ०० ०० ०० ००

०११७ वर ६सी आहे, म्हणजे लहान एल. पडद्यावर तो १ सारखा दिसतो म्हणून पुष्कळ जण तिथे ३१ लिहितात, मग अवस्था बदलत नाही आणि चूक सापडता सापडत नाही.

बदल करताना मूळ फाइलीला हात लावू नये. पीआयपीने (सीपी/एमचा फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) दुसऱ्या नावाने नक्कल करून ती नक्कल डीडीटीत उघडावी. उघडताच डीडीटी नेक्स्ट आणि पीसी असे दोन पत्ते दाखवतो. त्यातील नेक्स्टखालचा पत्ता कागदावर लिहून ठेवावा, शेवटी त्याची गरज लागते. मग एस आणि पत्ता दिला की तो पत्ता आणि तिथला सध्याचा बाइट दिसतो. नवा बाइट हेक्समध्ये टाइप करून रिटर्न दाबले की पुढचा पत्ता येतो. जो बाइट तसाच ठेवायचा तिथे नुसते रिटर्न दाबावे आणि थांबायचे तिथे पूर्णविराम टाइप करावा. या आज्ञेत अक्षरे थेट टाइप करता येत नाहीत, वाय हवा असेल तर ५९ च लिहावे लागते. बदल झाले की डी१०० देऊन वरच्या दोन ओळींशी एकेक बाइट ताडून पाहावा, कंट्रोल-सी ने बाहेर यावे आणि दुसरा कोणताही प्रोग्राम न चालवता लगेच सेव्ह आज्ञा द्यावी. सेव्ह ही कमांड प्रोसेसरच्या पोटातच असलेली आज्ञा आहे. ती ०१०० पासूनची स्मृती न विस्कटता जशीच्या तशी फाइलीत लिहिते, म्हणूनच ही पद्धत चालते.

एक मर्यादा आधीच सांगतो. व्हीटी-५२ च्या अवस्थेत उलट्या रंगातील अक्षरे मिळत नाहीत. आणि काही एम्युलेटर ही अवस्था पाळतच नाहीत. एक्सटर्म पाळतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. चिन्हांच्या जोडीतून ओळ आणि रकाना निघतो हे वाचून मी कितीतरी वेळ आस्की संकेतांचा तक्ता घेऊन बसले आणि प्रत्येक नाव कुठे उमटायला हवे होते ते कागदावर मांडून पाहिले. सगळे जुळले.

बदल मी सांगितल्याप्रमाणे केले आणि दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. नावे आता अगदी जागच्या जागी येतात, कर्सर हलतो, बाहेर पडल्यावर अंकही नीट चालतात. मात्र आता नवी अडचण उभी राहिली आहे. मदतीचा पडदा मागितला की प्रोग्राम गोठतो आणि रीसेट केल्याशिवाय सुटका होत नाही. मूळ प्रोग्रामात असे होत नव्हते. नेक्स्टखाली १९०० दिसले होते. शेवटचा बाइट १८एफएफ वर म्हणून १८ पाने, असे धरून मी सेव्ह १८ दिले. मदतीच्या पडद्याशी संबंधित एकही बाइट मी बदललेला नाही.

पहिले उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद

हिशेबाचा अर्धा भाग आपण बरोबर केला आहे. नेक्स्ट हा शेवटच्या बाइटच्या पुढचा पत्ता असतो, म्हणून एक वजा करणे योग्यच. १८एफएफ च्या वरच्या बाइटवरून १८ घेणेही योग्य. परंतु हे १८ हेक्समधले आहे आणि सीपी/एम २.२ मधील सेव्ह पानांची संख्या दशमान घेते. हेक्स १८ म्हणजे दशमान २४. आपण २४ ऐवजी १८ पानेच लिहिलीत, म्हणजे प्रत्येकी २५६ बाइटांची शेवटची सहा पाने फाइलीत आलीच नाहीत. मदतीचा मजकूर आणि तो दाखवणारा भाग बहुधा त्याच शेपटीत असावा. प्रोग्राम तिथे उडी मारतो आणि तिथे स्मृतीत आधीचे जे काही पडलेले असेल तेच सूचना समजून चालवू लागतो.

खात्री करण्यासाठी स्टॅट आज्ञेने दोन्ही फाइली पाहा. सीपी/एमचे एक रेकॉर्ड १२८ बाइटांचे, म्हणजे एका पानात दोन रेकॉर्ड. मूळ फाइलीची ४८ रेकॉर्ड दिसतील आणि आपल्या फाइलीची ३६. बदलानंतर हे दोन आकडे ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी असे मी कळकळीने सांगतो, कारण अशी तुटलेली फाइल अनेकदा वरवर छान चालते आणि दोष भलत्याच वेळी, एखादी फाइल पुसताना किंवा नक्कल करताना, उघड होतो. नेक्स्टचा पत्ता १९८० असा पानाच्या मध्ये संपत असेल तर शेवटचा बाइट १९७एफ, हेक्स १९ आणि म्हणून दशमान २५ पाने. पानाचा उरलेला भाग भरून निघतो, त्याने नुकसान होत नाही.

पुढे डॉसवर असे काम करायची वेळ आली तर तिथल्या डीबगमध्ये ही चूक होत नाही. तो उघडलेल्या फाइलीची लांबी बीएक्स आणि सीएक्स या रजिस्टरांत ठेवतो आणि डब्ल्यू दिले की तेवढेच बाइट परत लिहितो. ईएक्सई फाइल मात्र तो लिहीत नाही, त्यासाठी आधी तिचे नाव बदलून घ्यावे लागते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

स्टॅटने ४८ आणि ३६ हेच आकडे दाखवले. नक्कल पुन्हा घेतली, तेच बदल करून सेव्ह २४ दिले, आणि आता मदतीचा पडदाही व्यवस्थित उघडतो.

एक शेवटचा प्रश्न विचारते. माझ्याकडचा दुसरा एम्युलेटर व्हीटी-५२ ची अवस्था पाळत नाही असे दिसते. तिथे ०१५० पासूनची ४८ बाइटांची रिकामी जागा उपयोगी पडेल का?

तिसरे उत्तर

पडू शकेल, पण आता हे बाइट बदलणे न राहता छोटी दिनचर्या, म्हणजे एक ठरावीक काम करणारा सूचनांचा संच, लिहिणे झाले, हे लक्षात घ्यावे. पूर्वीच्या लेखकांनी अशी जागा याच कामासाठी राखून ठेवलेली असे. मोडेमद्वारे फाइली पाठवणाऱ्या एमडीएम-७ मालिकेत प्रत्येक यंत्रासाठी वेगळा जोड-भाग असे आणि तो डीडीटीत आय आणि आर या आज्ञांनी मूळ प्रोग्रामावर चढवला जाई. त्या मालिकेतही सुरुवातीची उडी संपताच ०१०३ पासून कॉन्फिगरेशन बाइट असत. तिथले दोन शेजारी मला नेहमी आठवतात: ०१०७ वरचा ५ म्हणजे १२०० बॉड या वेगाचा सांकेतिक क्रमांक आणि ०१०८ वरचा ५ म्हणजे दोन बाइटांमधील ५० मिलिसेकंदांची विश्रांती. बाइट तोच, पण एक ५ नुसती खूण आहे आणि दुसरा ५ मोजमाप. त्यांच्याच अलीकडे ०१०६ वर प्रोसेसरचा वेग मेगाहर्ट्झच्या दहाव्या भागांत असे, म्हणजे ४ मेगाहर्ट्झसाठी दशमान ४०, हेक्स २८. डीडीटीत ते थेट ४० म्हणून लिहिले तर प्रोग्राम प्रोसेसरला ६.४ मेगाहर्ट्झचा समजे आणि त्याच्या सगळ्या वेळा लांबत.

आता आपली दिनचर्या. ओळ एच या रजिस्टरमध्ये आणि रकाना एल मध्ये येतो असे धरू. एस्केप पाठवायचा, चौकटी कंस पाठवायचा, ओळीचे दशमान अंक, मग अर्धविराम, मग रकान्याचे अंक आणि शेवटी मोठा एच. एक अक्षर ए या रजिस्टरमध्ये भरून ते पाठवणाऱ्या भागाला हाक मारण्यात पाच बाइट जातात. एच किंवा एल मधली संख्या एमध्ये घेऊन अंक करणाऱ्या भागाला हाक मारण्यात चार. अशी मुख्य दिनचर्या २८ बाइटांची होते. अंक करणारा भाग प्रथम संख्येत एक मिळवतो, कारण व्हीटी-१०० एकपासून मोजतो. मग बीमध्ये २एफ भरून तो प्रत्येक फेरीत बी एकने वाढवतो आणि संख्येतून दशमान १० वजा करतो. वजाबाकी उणी झाली की बीमध्ये दहमचा अंक आस्की रूपात तयार असतो, आणि उरलेल्या उण्या संख्येत ३ए मिळवले की एककाचा अंक मिळतो. एकक स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यावर, ठेवून आधी दहम पाठवायचा, मग एकक. हा भाग २० बाइटांचा. एकूण ४८, म्हणजे आपल्या जागेत शेवटचा बाइट नेमका ०१७एफ वर येतो.

हे ४८ मात्र एकाच अटीवर जमतात. प्रोग्रामचा अक्षर पाठवणारा भाग एचएल जसेच्या तसे परत देत असला पाहिजे. बीडॉस कोणतेही रजिस्टर राखून ठेवण्याची हमी देत नाही, म्हणून तो भाग स्वतः एचएल स्टॅकवर ठेवत नसेल तर ते काम आपल्याला करावे लागेल, त्यात चार बाइट जातील आणि दिनचर्या ०१८० वरच्या मुख्य प्रोग्रामावर चढेल. बीसुद्धा या दिनचर्येत बदलतो, तेव्हा हाक मारणारा भाग त्यावर विसंबून नाही ना, तेही पाहावे. पाचवी ओळ असेल तर ०६ असे दोन अंक जातात, ते व्हीटी-१०० ला चालते. ९९ च्या पुढचा रकाना मात्र या पद्धतीने सांगता येत नाही, तेव्हा दशमान १३२ रकान्यांचा पडदा वापरायचा असेल तर ही दिनचर्या उपयोगाची नाही.

जोडण्यासाठी २१ ०बी ०१ शोधा. त्या भागाच्या आरंभी सी३ ५० ०१ लिहिले की कर्सर हलवण्याचे काम आपल्या दिनचर्येकडे येईल. तिचा शेवट अक्षर पाठवणाऱ्या भागात उडी मारून होत असल्याने परतण्याची सोय आपोआप होते. ०१०बी ते ०१११ मग कोणी वाचणार नाही. ०११२ आणि ०११८ वरच्या लांबी मात्र पुन्हा शून्य कराव्यात. पडदा पुसण्यासाठी नेमलेल्या पाच घरांत सहा बाइट बसत नाहीत, म्हणून एस्केप, चौकटी कंस, २ आणि मोठा जे हे चारच ठेवावेत. त्याने सगळा पडदा पुसला जातो, कर्सर मात्र हलत नाही. आपला प्रोग्राम पुसल्यानंतर प्रत्येक मजकुराआधी कर्सर स्वतः नेत असेल तर त्याने काही अडणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण म्हणालात त्याप्रमाणे शोध घेतला. २१ ०बी ०१ मला ०ए३सी वर सापडले आणि त्याच्या अलीकडे, ०ए३बी वर, ई५ आहे, म्हणजे एचएल स्टॅकवर ठेवण्याची सूचना. हाक मारणारे भाग डीडीटीची एल ही आज्ञा देऊन सूचनांच्या रूपात वाचले तेव्हा ओळ एच मध्ये आणि रकाना एल मध्येच येतो हे स्पष्ट झाले. अक्षर पाठवणारा भाग असा आहे:

ई५ डी५ सी५ ५एफ ०ई ०२ सीडी ०५ ०० सी१ डी१ ई१ सी९

म्हणजे तो एचएल, डीई आणि बीसी तिन्ही राखतो आणि अट पूर्ण होते. मूळ कर्सरचा भागही बाइट मोजण्यासाठी बीच वापरत होता, तेव्हा बी बदलल्याने कोणाचे बिघडणार नाही असे मी धरले.

४८ बाइट कागदावर एकाखाली एक लिहून, प्रत्येकाशेजारी त्याचा पत्ता मांडून मगच टाइप केले. पहिल्या प्रयत्नात वजाबाकीनंतर मागे जाणाऱ्या उडीचा पत्ता एका बाइटने चुकला होता. तिथे बी वाढवण्याची सूचना वगळली जात होती, त्यामुळे सर्व नावे पहिल्या दहा ओळींत एकमेकांवर चढली. एल देऊन ती ओळ पुन्हा वाचली तेव्हा चूक दिसली. सेव्ह २४ दिल्यावर स्टॅटने ४८ रेकॉर्ड दाखवली, आणि आता दुसऱ्या एम्युलेटरवर पाचव्या ओळीपासून नावे एकाखाली एक, दहाव्या रकान्यात सरळ रेषेत उभी आहेत. व्हीटी-५२ ची आणि ही, अशा दोन्ही फाइली वेगळ्या नावांनी ठेवल्या आहेत, आणि मूळ फाइलीवर स्टॅटने केवळ वाचनाची खूण लावून ठेवली आहे.